केलेल्याची जाण

कृतज्ञता हा शब्द आज मराठीत फार स्वस्त झाला आहे. सत्काराच्या निमंत्रणपत्रिकेवर तो असतो, निरोप समारंभाच्या फलकावर असतो, निवडणुकीनंतर चौकाचौकांत लागणाऱ्या फ्लेक्सवरही असतो. स्मरणिकेसारख्या प्रकाशनात तर त्याच्यावाचून पान हलत नाही. म्हणूनच या शब्दाचा मूळ अर्थ काय, तो आपल्या रोजच्या जगण्यात कोठे बसतो आणि कोठे बसत नाही, याविषयीचे आमचे मत या निमित्ताने स्पष्टपणे मांडावे असे आम्हांला वाटते.

शब्दाची फोड सोपी आहे. कृत म्हणजे केलेले आणि ज्ञ म्हणजे जाणणारा. आपल्यासाठी कोणी काय केले हे जो जाणतो, तो कृतज्ञ. आपल्या आयाबायांनी यासाठी 'जाण' हा एकच शब्द पिढ्यान्‌पिढ्या वापरला आहे. 'पोराला जाण आहे' असे त्या म्हणतात, तेव्हा त्या पोराच्या हुशारीविषयी किंवा गुणांच्या टक्केवारीविषयी बोलत नसतात. घरात दिवा कसा लागतो हे त्याला ठाऊक आहे, एवढेच त्यांना सांगायचे असते. पालीमध्ये या शब्दाला एक जोडीदार आहे. 'कतञ्ञू' म्हणजे केलेले जाणणारा आणि 'कतवेदी' म्हणजे ती जाण प्रकट करणारा. अंगुत्तर निकायाच्या दुकनिपातात भगवान बुद्धांनी जगात दुर्मीळ असलेल्या दोन व्यक्ती सांगितल्या आहेत. स्वतः होऊन आधी भले करणारी ही एक, आणि केलेल्याची जाण ठेवून ती प्रकट करणारी ही दुसरी. महामंगलसुत्तातील ३८ मंगलांमध्येही कतञ्ञुतेला स्थान आहे. मनात जाणणे पुरेसे नाही, ते वागण्यातून दिसले पाहिजे, ही अट या परंपरेने आरंभापासूनच घातलेली आहे.

तरीही आपल्या समाजाने या शब्दाकडे काहीसे संशयाने पाहावे, असाच आपला इतिहास आहे. गावगाड्यात ज्यांनी मेलेली ढोरे ओढली, वेशीची राखण केली, रानोमाळ सांगावे पोहोचविले, त्यांच्या श्रमाचा मोबदला 'भीक' म्हणून पदरात टाकला गेला. काम करणाऱ्याने वाकायचे आणि काम करवून घेणाऱ्याने उपकारकर्ता म्हणवून घ्यायचे, अशी ती उलटी रीत होती. उरलेल्या भाकरतुकड्यासाठी ज्यांच्याकडून पिढ्यान्‌पिढ्या जोहार वसूल केला गेला, त्यांच्या नातवंडांना 'कृतज्ञ राहा' असा उपदेश करताना बोलणाऱ्याने दोनदा विचार केला पाहिजे. त्या जोहाराला आम्ही कृतज्ञता मानत नाही. तो मिंधेपणा होता, आणि तो लादलेला होता.

या दोहोंतील सीमारेषा बाबासाहेबांनी फार नेमकी आखून दिली आहे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत केलेल्या समारोपाच्या भाषणात त्यांनी आयरिश देशभक्त डॅनियल ओ'कॉनेल यांच्या वचनाचा आधार घेतला होता. कोणत्याही माणसाला स्वाभिमान गमावून कृतज्ञ राहता येत नाही आणि कोणत्याही राष्ट्राला स्वातंत्र्य गमावून कृतज्ञ राहता येत नाही, असा त्या वचनाचा आशय होता. देशाची आयुष्यभर सेवा करणाऱ्या थोर पुरुषांविषयी कृतज्ञ असण्यात काहीच गैर नाही, मात्र त्या कृतज्ञतेलाही मर्यादा असते, असे ते सांगत होते. ही मर्यादा त्यांनी स्वतःलाही लागू केली होती असे आम्ही समजतो. बाबासाहेबांविषयीची आपली कृतज्ञता त्यांच्या तसबिरीपुढे हात जोडून संपत असेल, तर ती त्यांनीच नाकारलेल्या भक्तीच्या वाटेने निघाली आहे असे म्हणावे लागेल.

स्वाभिमान राखून कृतज्ञ कसे राहावे, याचे उदाहरणही त्यांच्याच आयुष्यात सापडते. १९१३ साली सयाजीराव गायकवाड महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले. करारानुसार नोकरीसाठी १९१७ साली बडोद्यात आले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतून त्यांना बाहेर काढण्यात आले आणि अखेर बडोदा सोडावे लागले. हा अपमान त्यांनी गिळला नाही. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये तो जसा घडला तसा लिहून ठेवला. पण १९२५ साली ब्रिटिश भारतातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला, तेव्हा शिक्षणासाठी केलेल्या साहाय्याबद्दल त्यांनी तो सयाजीरावांनाच अर्पण केला. शिष्यवृत्ती मिळाली म्हणून अपमान झाकला नाही आणि अपमान झाला म्हणून शिष्यवृत्ती विसरली नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, म्हणून दोन्ही कागदावर उतरल्या. कृतज्ञतेला डोळे मिटून घ्यावे लागत नाहीत, हा धडा आमच्या मते प्रत्येक वसतिगृहातील मुलाला मिळाला पाहिजे.

म्हणूनच एका प्रथेविषयी आम्हांला उघडपणे बोलायचे आहे. निवासी शाळांमध्ये वह्या, गणवेश, ब्लँकेटे वाटण्याचे कार्यक्रम होतात. देणाऱ्यांची मने चांगली असतात, याविषयी आम्हांला शंका नाही. पण वही एका हाताने मुलाच्या हातात आणि दुसऱ्या हाताने स्वतःच्या छातीशी धरून कॅमेऱ्याकडे पाहणारा दाता, आणि त्याच्या शेजारी मान खाली घालून उभे असलेले मूल, हे छायाचित्र त्या मुलाला काय शिकवते? आपण घेणाऱ्यांच्या रांगेतले आहोत, एवढेच ते शिकवते. दुसऱ्या दिवशी ते छायाचित्र वर्तमानपत्रात येते आणि वर्गात चेष्टेचा विषय होते. दात्याचे नाव शाळेच्या अहवालात आदराने नोंदवावे, त्याला शाळा दाखवावी, मुलांबरोबर पंगतीला बसवावे. त्याच्या देणगीचा हिशेब मात्र मुलाच्या चेहऱ्याने चुकता करू नये. दान देताना घेणाऱ्याचा सन्मान राखणे ही देणाऱ्याची जबाबदारी आहे, आणि तिची आठवण करून देणे ही शाळेची.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. 'शिष्यवृत्ती आमचा हक्क, वसतिगृह आमचा हक्क, मग आभार कोणाचे आणि कशाला?' असे आमचे काही तरुण मित्र विचारतात. प्रश्न रास्त आहे. संविधानाच्या अनुच्छेद ४६ ने दुर्बल घटकांच्या शैक्षणिक हितसंवर्धनाची जबाबदारी राज्यावर टाकली आहे आणि ६ ते १४ वयोगटाचे शिक्षण अनुच्छेद २१ क ने मूलभूत हक्क ठरविले आहे. शासनाकडून हक्काचे घेताना कोणीही मान तुकवू नये, पावती घ्यावी. पण प्रत्येक हक्काच्या मागे तो मिळवून देणारी माणसे असतात, आणि जाण त्यांची ठेवायची असते. शाळेच्या आवारातील नळाखाली आपली मुले रोज सकाळी तोंड धुतात, तेव्हा ते पाणी नगरपालिकेचे असते. पण त्या नळाला मुक्तपणे हात लावता येणे हे २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर ज्यांनी ओंजळ भरली त्यांचे देणे आहे. त्याच दिवशी परतीच्या वाटेवर त्यांच्यातील अनेकांनी मार खाल्ला होता. त्या पाण्यावरचा हक्क न्यायालयात अखेर मान्य व्हायला १९३७ साल उजाडले. नळ उघडा राहून पाणी वाहून जात असेल, तर तो बंद करणे ही केवळ काटकसर राहत नाही. तिला महाडचा संदर्भ आहे.

वसतिगृहांचेही तसेच आहे. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरात वसतिगृह काढले, तेव्हा ते चालविण्यासाठी पैशापेक्षा मनोबळच अधिक होते. साताऱ्याच्या बोर्डिंगमधील मुलांसाठी कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. धारवाडच्या वसतिगृहातील मुले उपाशी आहेत हे कळताच रमाईंनी हातातल्या बांगड्या काढून दिल्याची कथा आजही आपल्या घराघरांत सांगितली जाते. 'मोफत भोजन व निवास' असे आज माहितीपत्रकात छापले जाते. या जगात मोफत असे काहीच नसते. आपल्याला जे मोफत मिळते, त्याची किंमत दुसऱ्या कोणी तरी आधी चुकती केलेली असते.

आता आपल्या रोजच्या आवारात येऊ. शाळेच्या प्रत्येक कार्यक्रमाच्या शेवटी आभारप्रदर्शन असते. अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, देणगीदार, पत्रकार, मंडपवाले, ध्वनिक्षेपकवाले अशी नावे क्रमाने घेतली जातात. तोवर मागच्या रांगा उठू लागलेल्या असतात, आणि शेवटचे वाक्य ठरलेले असते : 'ज्ञात-अज्ञात सर्वांचे आभार.' आमचे म्हणणे एवढेच आहे की, खऱ्या कृतज्ञतेचा आरंभ या 'अज्ञात' शब्दापासून व्हायला हवा. निवासी शाळेत अज्ञात कोण असतो? पहाटे साडेचारला उठून दोन-अडीचशे मुलांसाठी पीठ मळणाऱ्या स्वयंपाकीणबाई. पाण्याच्या टाकीवर चढून पातळी पाहणारा कामाठी. रात्री तापाने फणफणलेल्या मुलाला दुचाकीवर दवाखान्यात नेणारा पहारेकरी. संडास-मोऱ्या धुणारी बाई, जिचे नाव बहुतेक मुलांना ठाऊकही नसते. 'त्यांना पगार मिळतो ना?' असे कोणी म्हणेल. पगाराने कामाचे तास विकत घेता येतात. आजारी मुलासाठी आठवणीने बाजूला काढून ठेवलेली वाटीभर पेज पगारपत्रकात कोठेही लिहिलेली नसते.

दीघनिकायातील सिगालोवाद सुत्त या बाबतीत आपल्याला थेट मार्ग दाखविते. राजगृहाजवळ सिगाल नावाचा गृहस्थपुत्र पहाटे ओलेत्याने सहा दिशांना नमस्कार करीत होता. भगवंतांनी त्याला सांगितले की, पूर्व दिशा म्हणजे आईवडील, दक्षिण म्हणजे आचार्य, पश्चिम म्हणजे पत्नी, उत्तर म्हणजे मित्र, खालची दिशा म्हणजे आपल्यासाठी श्रम करणारे आणि वरची म्हणजे श्रमण. खालच्या दिशेकडे तोंड करायचे ते पाच प्रकारांनी : शक्ती पाहून काम सांगावे, अन्न आणि वेतन द्यावे, आजारपणात शुश्रूषा करावी, गोडधोड वाटून खावे, वेळच्या वेळी सुटी द्यावी. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या या उपदेशात 'धन्यवाद' हा शब्द कोठेही नाही. आहेत ती केवळ कर्तव्ये. कृतज्ञता मोजायची झाली तर ती याच मापाने मोजावी लागेल. स्वयंपाकीणबाईंचा पगार दोन-दोन महिने थकवायचा आणि भोजनगृहाच्या भिंतीवर अन्नाविषयीचे सुविचार रंगवायचे, असे ज्या कोणत्या संस्थेत घडत असेल, तिने आधी तो थकलेला पगार द्यावा. सुविचार नंतरही रंगविता येतील.

आपल्या पेल्यातील चहाचाच माग काढून पाहा. साखर कारखान्यातून येते आणि कारखान्यात ऊस येतो. तो ऊस तोडण्यासाठी मराठवाड्यातील दुष्काळी तालुक्यांतून दिवाळीच्या सुमारास हजारो जोडपी गाव सोडतात. नवरा-बायको मिळून तेथे एक 'कोयता' म्हणून मोजली जातात. त्यांची मुले गावी आजीजवळ राहतात, फडावर जातात किंवा नशीब असेल तर एखाद्या निवासी शाळेत शिकतात. म्हणजे ज्या मुलाच्या पेल्यात ही साखर पडते, त्याच्याच आईच्या हाताला ती तोडताना घट्टे पडलेले असू शकतात. हे मुलाला कळले की, त्याला कृतज्ञतेवर व्याख्यान द्यावे लागत नाही. त्याच्या मनात आईविषयी माया दाटून येईल आणि तिच्या मजुरीविषयी प्रश्नही उभा राहील. हा प्रश्न पडणे हीसुद्धा जाणच आहे. श्रमाची जाण असलेला माणूस त्या श्रमाच्या मोलाविषयी गप्प बसू शकत नाही.

मग रोजच्या जीवनात ही जाण बाणवायची कशी? आम्हांला फार मोठे उपाय सुचत नाहीत. भिक्खू चीवर, भोजन, निवास आणि औषध या चार गोष्टी वापरताना त्या कशासाठी वापरतो याचे चिंतन करतात. तेच चिंतन मुलांसाठी सोपे करता येईल. जेवणापूर्वी अर्धा मिनिट शांत बसून ताटातील एका पदार्थाचा माग मनातल्या मनात काढावा, आज ज्वारीचा, उद्या मिठाचा. पानात हवे तेवढेच घ्यावे आणि घेतलेले संपवावे. कामाठीकाका आणि स्वयंपाकीणमावशी यांची नावे प्रत्येक मुलाला ठाऊक असावीत आणि 'ए शिपाई' ही हाक आवारातून हद्दपार व्हावी. आपले ताट आपणच घासावे. संडास-मोऱ्यांच्या सफाईची पाळी विद्यार्थ्यांबरोबर शिक्षकांनीही घ्यावी, आणि ते काम शिक्षा म्हणून कधीही कोणाला देऊ नये. एखादे काम शिक्षा ठरले की, ते रोज करणारा माणूसही मुलांच्या नजरेत शिक्षा भोगणारा ठरतो. रविवारी भेटीला येणारी आई एसटीच्या दोन गाड्या बदलून, एक दिवसाची मजुरी बुडवून आलेली असते. तिने आणलेला डबा मित्रांसमोर उघडताना कोणाला संकोच वाटू नये, इतका मोकळेपणा शाळेने मुलांच्या मनात निर्माण करावा.

यात आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. जाण वेळेवर बोलून दाखवावी. 'द बुद्ध अँड हिज धम्म'साठी बाबासाहेबांनी १९५६ साली जी प्रस्तावना लिहिली, तिच्यात शाळकरी वयात आपल्याला बुद्धचरित्र भेट देणाऱ्या दादा केळूसकरांची आठवण त्यांनी नोंदविली. एका पुस्तकाच्या भेटीची जाण त्यांनी जवळजवळ अर्धशतक जपली होती. ग्रंथ १९५७ साली प्रसिद्ध झाला तेव्हा ते हयात नव्हते, आणि त्या पहिल्या आवृत्तीत ही प्रस्तावना आली नाही. बोललेली कृतज्ञतासुद्धा जपावी लागते, ती पुढच्यांनी जपली नाही तर हरवू शकते. आपल्या प्राथमिक शाळेतील गुरुजींना, बाईंना फोन करायचे आपण वर्षानुवर्षे पुढे ढकलतो. एक दिवस त्यांच्या पुण्यानुमोदनाची पत्रिकाच हाती येते.

अखेरचा मुद्दा परतफेडीचा. राध नावाच्या एका वृद्ध ब्राह्मणाची कथा विनयपिटकात येते. त्याला प्रव्रज्या हवी होती, पण भिक्खू द्यायला तयार नव्हते आणि त्या दुःखाने तो खंगत चालला होता. याने केलेले काही कोणाला आठवते का, असे भगवंतांनी विचारले. सारिपुत्त म्हणाले, राजगृहात मी भिक्षाटन करीत असताना याने मला पळीभर अन्न दिले होते. त्या पळीभर अन्नाच्या स्मरणाने धम्मसेनापतीने त्या वृद्धाला संघाचे दार उघडून दिले. घेतले होते अन्न, आणि परत दिला तो प्रवेश. खरी परतफेड अशीच असते. ती मोजून तेवढीच दिली जात नाही, आणि जेथे एखादे दार बंद आहे तेथे ती जाते.

शिकून मोठे झालेल्यांकडून झालेला अपेक्षाभंग बाबासाहेबांनी १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत बोलून दाखविला होता. त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला नागपूरच्या भाषणात त्यांनी धम्मकार्यासाठी मिळकतीचा विसावा भाग देण्याचे आवाहन केले. आपल्या शाळेतून बाहेर पडलेले विद्यार्थी आज कोणी शिक्षक आहेत, कोणी परिचारिका, कोणी बँकेत, कोणी परदेशात. त्यांनी शाळेला देणगी द्यावी, हे तर आम्ही म्हणूच. पण तेवढ्यावर त्यांनी थांबू नये. आपण जेथे नोकरी करतो त्या कचेरीत अर्ज घेऊन आलेल्या म्हाताऱ्या बाईला बसायला खुर्ची द्यावी. आपल्या सोसायटीतील कचरा उचलणाऱ्या कामगाराला हातमोजे मिळतात का, हे बैठकीत विचारावे. आपल्या घरी काम करणाऱ्या मावशींच्या मुलीच्या दहावीच्या गणिताकडे आठवड्यातून दोन संध्याकाळी लक्ष द्यावे. ज्यांनी आपल्यासाठी केले त्यांतील अनेकजण आज हयात नाहीत, आणि जे आहेत ते काही मागणारही नाहीत. त्यांचे देणे आता या म्हाताऱ्या बाईपाशी, या कामगारापाशी, या मुलीपाशी जमा करायचे आहे.